विचित्र बिटं आणि भोकाचा तळ

मंडळी, इथलं कोंडाण्याचं चैत्यगृह पाहिलंत तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. काम दगडातलं, पण कमान, वासे, जाळी, सगळं लाकडी घरासारखं. दगडात अशी नक्कल चालते, कारण तिथे जोड दाखवायचा असतो. लाकडात तो बसवायचा असतो, आणि तिथे भोक चुकलं की फळी वाया. म्हणून बाजारात मिळणाऱ्या चमत्कारिक बिटांकडे आज आपण जरा परीक्षकाच्या नजरेने बघू.

पहिलं फोर्स्टनर. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकन बंदूक कारागिराने 1874 साली त्याचं पेटंट घेतलं. बिट मधल्या टोकावर नव्हे, तर कडेच्या गोल धारेवर तोललं जातं. त्यामुळे फळीच्या काठावर अर्धवट भोक पाडा, एकात एक भोकं पाडा, ते सरकत नाही. (हे स्टँडवर, हातातल्या मशीनवर नव्हे.) आणि तळ सपाट! आपल्याकडे कर्जतच्या फार्महाउसांतली कपाटं घ्या. कप-बिजागरीला 35 मिमीचं, साधारण 12 मिमी खोल भोक लागतं आणि प्लाय असतो 18 मिमीचा. उरले 6. स्वस्त चपट्या बिटाचं लांब टोक इथे पलीकडून सनमायका फोडून बाहेर येतं. मात्र प्लायमधला गोंद साध्या पोलादाची धार लवकर खातो. रोज दारं करणाऱ्याने कार्बाइडच्या दातांचं बिजागरीचं बिटच घ्यावं, असं आम्हाला वाटतं.

मग ते चौकोनी भोक पाडणारं. हॅरी वॉट्सचं 1917 चं तिकोनी बिट गणिताला गोड, पण कोपरे किंचित गोलच राहतात. खरं उपयोगी पडतं ते पोकळ चौकोनी पटाशीत फिरणारं बिट. आतलं बिट भुसा काढतं, पटाशी कोपरे कापते. पण तिला तरफेचा दाब हवा. शिवाय दोघांत थोडी फट ठेवली नाही, तर घर्षणाने पोलाद निळं पडतं. महिन्याला एखादी चौकट करणाऱ्याने गिरमिटाने भोकं पाडून साध्या पटाशीने कोपरे काढलेले बरे.

आणि पायऱ्यांचं शंकूसारखं बिट? चकाकतं छान. जाड लाकडात मात्र भोकालाही पायऱ्याच पडतात. घ्यायचंच असेल तर पत्र्यासाठी घ्या.