गंज चढायला वेळ लागतो

जुलै १९४३. कुर्स्कच्या लढाईत जर्मन सैन्याने पँथर हा नवा रणगाडा पहिल्यांदा उतरवला. सुमारे दोनशे पँथर होते. काहींची इंजिनं पेटली, काही सुरुंगांवर गेले, काहींना सोव्हिएत तोफांनी गाठलं. आठवड्याभरात बहुतेक निकामी झाले किंवा दुरुस्तीच्या रांगेत लागले. उत्पादनच जानेवारीत सुरू झालेलं, त्यामुळे त्यातला सगळ्यात जुना रणगाडा फार तर सहा महिन्यांचा.

हाच कुर्स्कचा पँथर १:३५ मापात एखाद्या मॉडेलकाराच्या टेबलावर येतो, तेव्हा मात्र वीस पावसाळे उघड्यावर काढल्यासारखा दिसतो. पोपडे उडालेले, कडेकडेने गंजाचे ओघळ. प्लॅस्टिकच्या कोऱ्या मॉडेलला असं वापरलेलं, मळलेलं रूप देण्याच्या कलेला वेदरिंग म्हणतात. मीही ती करतो, त्यामुळे ही तक्रार घरातलीच समजा.

या कलेत दोन गोष्टी खरोखर सुंदर आहेत. पहिली वॉश. गडद तपकिरी ऑइल किंवा इनॅमल रंग थिनरमध्ये भरपूर पातळ करायचा आणि ब्रशचं टोक एखाद्या बोल्टच्या मुळाशी नुसतं टेकवायचं. रंग आपसूक फटीतून धावत जातो, झाकणाच्या कडेने वळतो, वेल्डिंगच्या खाचेत थांबतो. बघत राहावं असं दृश्य. (खालचा थर अ‍ॅक्रिलिकचा हवा आणि नीट वाळलेला हवा. माझ्या पहिल्या मॉडेलवर मी इनॅमलवरच इनॅमलचा वॉश दिला, आणि दोन रविवारांची मेहनत चिखल होऊन ब्रशला लागली.) बरेच जण वॉशला मळ समजतात. मला ती सावली वाटते. खऱ्या रणगाड्यावरचा बोल्ट उन्हात सावली पाडतो. त्याचं पस्तिसावं रूप मिलिमीटरभराचं, खोलीतला उजेड त्याची सावली गिळून टाकतो. म्हणून ती रंगवून द्यावी लागते. हे खोटंच, पण नजरेला खऱ्याकडे नेणारं.

दुसरा फिल्टर. यात रंग नावापुरता, बाकी सगळा थिनर. तो फटीत साचू द्यायचा नाही. ओलसर ब्रशने अख्ख्या पृष्ठभागावर फिरवायचा. एका हाताने काहीच दिसत नाही. तीन-चार हात झाले की पिवळा, हिरवा आणि तांबूस तपकिरी हे छलावरणाचे तीन वेगळे रंग एकाच दुपारच्या उजेडात आल्यासारखे जुळतात. तैलचित्रांतल्या पारदर्शक थरांचीच ही युक्ती. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्या पिढीने वॉश आणि ड्रायब्रश घरोघरी पोचवले; पुढे स्पेनच्या मिग हिमेनेझ यांच्यासारख्यांनी फिल्टरला मानाची जागा दिली. तिथून मॉडेलकार चित्रकारासारखा विचार करू लागला.

गडबड त्यानंतर होते. हात बसला की थांबवत नाही. फिल्टरवर ओघळ, ओघळावर ओरखडे, ओरखड्यांवर गंज. या सगळ्याला नाव मात्र 'वास्तववाद'. वास्तव काय होतं? चालत्या रणगाड्याचे पट्टे जमिनीवर घासून चकाकतात. रात्रभर ओलीत उभा राहिला की त्यांच्यावर तांबूस थर धरतो. धुराडं उष्णतेने लवकर गंजतं. जुलैत स्टेपच्या रस्त्यांवरची धूळ प्रत्येक आडव्या भागावर बसणार, पाऊस झाला की तिचा चिखल होणार. हे सगळं काही दिवसांत होतं. पण जाड चिलखतावरचा रंग पापुद्र्यांनी सुटून खालून खोल गंज यायला जो काळ लागतो, तो या यंत्रांना मिळालाच नाही.

मळाच्या हिशेबात एवढं काटेकोर कशाला व्हायचं, असं कोणी म्हणेल. माझा आक्षेप मळावर नाही, म्हातारपणावर आहे. आजोबांची पत्र्याची ट्रंक, हँडल झिजलेली सायकल यांच्यावर आपला जीव जडतो, कारण त्यांनी आयुष्य काढलेलं असतं. मॉडेलवर तोच झिजलेपणा आला की तीच माया त्या वस्तूकडे वळते. नाझी सैन्याचा रणगाडा बघता बघता सोसलेला, अनुभवी, जवळजवळ घरचा वाटू लागतो. या छंदात जर्मन वाहनांचीच चलती असताना हे निरागस राहत नाही. आणि आत बसलेली पाच माणसं? बाहेरचा एकेक ओरखडा बारीक ब्रशने नोंदवलेला असतो. त्यांची, किंवा त्यांनी ज्यांच्यावर तोफ रोखली त्यांची, एकही खूण बहुतेक मॉडेलांवर नसते.

माझा पँथर गेल्या महिन्यात झाला. दोन फिल्टर, फटींपुरता वॉश, धुराड्यावर गंज, खाली धूळ. बाकी रंग नवाच ठेवला. बघायला आलेला मित्र म्हणाला, छान आहे, पण पुरा कधी करणार?