‘टिकाऊ’ शब्दाचे भाषांतर

‘केसरी’चा ९ जून १९०८ चा अग्रलेख ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ पुन्हा वाचला. आदल्याच दिवशी सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा केला होता. ‘टिकाऊ’ हा आपल्या घरातला शब्द. लुगडे, भांडे घेताना आजी हेच विचारी. टिळकांनी दडपशाहीलाही तेच माप लावले, हे मला फार आवडते. कोर्टात मात्र ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतर गेले. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी भाषांतरातले दोष दाखवले, तरी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. परवा नातवाला तो मथळा हिब्रूत सांगू लागलो आणि ‘टिकाऊ’पाशीच अडलो. शब्द मिळाला, पण आजीचा नव्हे.