वाळूचोर, व्हिडिओचोर आणि गाणी भरून देणारा पोरगा

इंटरनेटवरून सिनेमे आणि गाणी एकमेकांना देणं कायदेशीर असावं का, असा आजचा विषय. हा पुण्या-मुंबईचा विषय, चकलांब्यात कशाला घेऊन चाललात, असं येताना गाडीत एकानं विचारलंसुद्धा. पण या विषयाचं एक टोक तुमच्या इथल्या पोलीस ठाण्यापर्यंत येतं, तिथूनच सुरुवात करू.

गेवराई तालुक्यात 'एमपीडीए' हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. गोदाकाठची वाळू, रात्रीच्या हायवा, आणि मग पेपरात बातमी: अमुक वाळूमाफियावर एमपीडीए. खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं, असा हा १९८१ चा कायदा. पण त्याचं पूर्ण नाव कुणी वाचलंय का? त्या नावात झोपडपट्टीदादा आहेत, हातभट्टीवाले आहेत, औषधीद्रव्यांचे गुन्हेगार आहेत, धोकादायक व्यक्ती आहेत, आणि वाळू तस्करांच्या शेजारी बसलेत व्हिडिओ पायरेट्स. म्हणजे सिनेमाच्या चोरट्या नकला विकणारे. गंमत अशी की हे व्हिडिओवाले २००९ मध्ये यादीत आले आणि वाळूवाले त्यानंतर. सरकारला सिनेमाची चोरी आधी दिसली, नदीची नंतर. (हशा)

हसण्यावारी नेऊ नका. दोघांना एका पंगतीला बसवणाऱ्या कायद्याच्या डोक्यात काय चाललंय, ते बघायला पाहिजे. वाळू उपसली की खड्डा उरतो. विहिरींचं पाणी खाली जातं. गाण्याची नक्कल केली तर गाणं जिथल्या तिथं असतं, उलट एकाची दोन होतात. म्हणून कॉलेजातली हुशार पोरं म्हणतात, ही चोरीच नव्हे, सगळं मोकळं करा.

आम्हालाही बरीच वर्षं असंच वाटायचं. आता अर्धंच पटतं. कारण सिनेमा हा एका बाबतीत टमाट्यासारखा आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी विकली गेली तर भाव, नाहीतर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ओतायची वेळ. सिनेमाचा बाजार पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा. त्या दिवसांत फुकट नक्कल फिरली, तर सिनेमा जिथल्या तिथं राहतो हे खरं, पण गिऱ्हाईक जातं.

'सैराट'चंच घ्या. २९ एप्रिल २०१६ ला लागला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या माणसानं केलेला, करमाळ्याच्याच परिसरात घडलेला सिनेमा. थिएटरात हाऊसफुल चालू असतानाच तो मोबाईलवर आला, पोलिसांत तक्रारीही झाल्या. खेड्यात तो पोचला कसा? डाऊनलोड करून नव्हे. जिओ सुरू झालं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, त्याआधी एवढा डेटा कुणाला परवडत होता? तो पोचला मेमरी कार्डातून. स्टँडजवळच्या मोबाईलच्या टपरीवर एक पोरगा कॉम्प्युटर लावून बसलेला असायचा. पन्नासची नोट दिली की कार्डात गाणी, कीर्तनं, कॉमेडी, दोन-चार पिक्चर 'भरून' मिळायचे. 'भरून' हा शब्द बघा. पाणी भरावं, धान्य भरावं, तसा. ऊसतोडीला निघणारा आपला माणूस मुकादमाची उचल घेतली की पीठ-मीठ, भांडी, पांघरुणं ट्रॅक्टरवर टाकायचा, आणि कार्ड भरून घ्यायचा. पुढं सहा महिने कारखान्याच्या तळावर, कोपीत, दिवसभर फडात वाकून आल्यावर त्याला करमणूक काय ती तेवढीच. त्याच्यासाठी थिएटर कुठं होतं? इथून जायचं तर गेवराई नाहीतर बीड गाठायचं. तळावरून जायचं तर फड सोडायचा आणि खाडा भरायचा.

या माणसाला चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्यानं तिकीट बुडवलं असं म्हणतात. पण जे तिकीट तो काढूच शकत नव्हता, ते बुडालं कसं?

पण हे बोलणाऱ्या आम्ही काय केलं, तेही सांगायला पाहिजे. आम्ही कोपीत राहत नव्हतो. थिएटर हाकेच्या अंतरावर होतं. 'सैराट' आम्ही आधी मोबाईलवर पाहिला, मग लाज वाटून तिकीट काढून पुन्हा पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी 'ख्वाडा' आला होता. भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून काढलेला. तोही आम्ही फुकट पाहिला. आणि तिकीट काढायचं राहूनच गेलं. 'सैराट'नं शंभर कोटींच्या पुढं धंदा केला, त्याला आमच्या तिकिटावाचून काही अडलं नसतं. जिथं अडलं असतं, तिथंच आम्ही खिशात हात घातला नाही. 'बघा, एवढा फुकट फिरूनही सैराट चालला की' असं जे सांगतात, त्यांना आमचं एवढंच म्हणणं आहे, की दहा एकर बागायतवाल्याचं एक पोतं गेलं तर चालतं म्हणून कोरडवाहूवाल्याचंही चालेल असं धरू नका.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. व्यापारासाठी, नफ्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे मित्राला देणारा आणि धंदा करणारा यांतला फरक कायद्याला कळतो. पण कळतो कधी? शिक्षा सुनावताना. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलं. मग आधी अटक, कोर्टाच्या चकरा, वकिलाची फी, आणि सगळ्यांच्या शेवटी 'पोरानं नफा कमावला नव्हता हो' याचा विचार. आमची खरी तक्रार इथं आहे. हा फरक निकालाच्या कागदावर नको, ठाण्याच्या दारात हवा. २०२३ मध्ये सिनेमाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तीत दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेला. टपरीवाल्या पोराला तीन लाख म्हणजे किती, हे इथं सांगायला नको.

बरं, एवढा कडक कायदा राखतो कुणाला? कॉपीराइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कवी येतो, शाहीर येतो. पण हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडं, कंपनीकडं गेलेला असतो. पठ्ठे बापूरावांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. महाराष्ट्रात असा फड नसेल ज्यानं त्यांची लावणी गायली नाही. १९४५ मध्ये पुण्यात हा माणूस विपन्नावस्थेत गेला. कायद्याच्या हिशोबानं मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २००५ अखेरपर्यंत त्यांच्या रचनांवर हक्क होता. त्या हक्कानं जिवंतपणी त्यांच्या औषधपाण्याची सोय केली नाही. पण गाणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी, म्हणजे आपण तरी कुठं केली? लावण्या फुकट घेतल्याच ना आपण.

आता यातलीच एक बाजू बघा. लावणी फुकट गेली, पण शेवटच्या ओळीतलं बापूरावांचं नाव कुणी गाळलं नाही. अभंगाचंही तेच. संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेतले, पुढं किती हातांनी नकला केल्या त्याला गणती नाही, पण नाममुद्रा सोडून अभंग म्हणणारा वारकरी आम्हाला दाखवा. वामनदादा कर्डकांची गाणी वह्यांत उतरवून गावोगाव गेली, तीही वामनदादांच्या नावानिशी. आपल्याकडं वाटून घ्यायची रीत जुनी आहे, आणि ती नावासकट वाटायची आहे. मेमरी कार्डात फाईलला नाव असतं 'न्यू मराठी हिट १७'. गीतकार कोण, गायक कोण, काही नाही. आमच्या मते हे फुकट देण्यापेक्षा वाईट आहे, आणि याबद्दल कुणालाच अपराधी वाटत नाही.

२०१२ ची दुरुस्ती इथं महत्त्वाची. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. सिनेमातलं गाणं थिएटरच्या बाहेर वाजलं, की रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून देताच येणार नाही, असं त्यात ठरलं. हक्क मालकाकडून करणाऱ्याकडं सरकवण्याचा हा खरा प्रयत्न. लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजवायला मात्र परवानगी लागत नाही, कलम ५२ मध्येच ती सूट आहे. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्यावर परिपत्रक काढलं, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं, पण कलम आहे तिथंच आहे. डीजेवाल्यांनी निश्चिंत असावं. आवाजाचा कायदा वेगळा! (हशा)

मग आमचं म्हणणं काय? नवा सिनेमा, नवं गाणं बाजारात आहे तोवर त्याची नक्कल फिरवायला मोकळीक नको. त्यात धंदा करणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण नफ्याशिवाय दिलं-घेतलं त्याला तुरुंग नको, एमपीडीएची भीती तर नकोच. आणि मालकानं जे विकायचंच सोडून दिलंय, ते फुकट वाटायला कायद्यानं परवानगी द्यावी. आज तशी नाही. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' सिनेमा म्हणून २०१९ अखेर मुक्त झाला, पण त्यातल्या गदिमांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ पर्यंत चालणार. 'पिंजरा' २०३२ अखेरपर्यंत थांबेल. मोठ्या नावांचं काही ना काही होतं. पण ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या लोकनाट्याची कॅसेट, जिची कंपनी बुडाली, मालक कोण ते ठाऊक नाही, ती कुणी हौशी माणूस डिजिटल करून यूट्यूबवर टाकतो, तर तोही कायद्यानं गुन्हेगारच. आपल्या मूकपटांतले बहुतेक नष्ट झाले, ते नकला कमी होत्या म्हणून. त्यांची कुणी चार चोरट्या प्रिंटा काढून ठेवल्या असत्या, तर आज त्याचा आपण सत्कार केला असता.

पैशाचं काय, असं तुम्ही विचाराल. जर्मनीनं १९६५ पासून एक वाट काढली आहे. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर, पुढं कोऱ्या कॅसेटीवर थोडा आकार बसवायचा, तो कलावंतांना वाटायचा, आणि घरगुती नक्कल करणाऱ्याच्या मागं लागायचं नाही. आपल्याकडं मेमरी कार्डावर किंवा रिचार्जवर दहा-वीस पैसे बसवले तर? कल्पना आम्हाला आवडते. पण भीतीही वाटते. ते पैसे जमा होतील मुंबईत, आणि वाटप होईल नोंदणी केलेल्यांना. आपल्या भागातला भारूड म्हणणारा, पोतराजाची गाणी म्हणणारा, कलापथकातला पेटीवाला, यांची नोंदणी कोण करणार? कुठल्या संस्थेत? फॉर्म मराठीत तरी असेल का?

तुमच्यात मोबाईल दुकानवाले कुणी असतील तर त्यांनी प्रश्नोत्तरात जरूर बोलावं. कार्ड भरताना गिऱ्हाईक काय मागायचं, नावानं मागायचं की 'काहीतरी चांगलं टाक' म्हणायचं, हे आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. आमचं बोलणं इथं थांबवतो.