कारल्याचा वेल आणि माहेरची वाट

आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुली भोंडल्याची जी गाणी म्हणतात, त्यांत कारल्याच्या वेलाचं गाणं मला सर्वांत निष्ठुर वाटतं, आणि सर्वांत घोटीवही.

सुनेला माहेरी जायचं आहे. सासू सांगते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. मग कोंब येऊ दे, वेल चढू दे, फूल, कारलं, भाजी, जेवणं, उष्टी-खरकटी. विचारणं तेच, उत्तरही तेच. बदलतं फक्त कामाचं नाव. बी पेरल्यापासून कारलं हाती यायला साधारण दोन महिने लागतात. ‘नाही’ हा शब्द एकदाही न उच्चारता सासू तेवढा काळ सुनेला थोपवून धरते. घरातली सत्ता कशी चालते, हे इतक्या कमी शब्दांत आणि एकही तक्रार न करता सांगणारी रचना विरळा. कारलंच का, हे गाणं सांगत नाही. सांगावं लागतही नाही.

हे आर्जव कोणाचं, तेही आठवावं. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवलं. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं सर्रास होत. त्यांची माहेरची ओढ म्हणजे लेकराची आईसाठीची ओढ. आणि फेरातली मुलगी सुनेचं विचारणं म्हणते, लगेच सासूचं उत्तरही तीच म्हणते. दोन्ही भूमिका तिच्या तोंडी बसतात.

शेवटी वेणी घालून सुनेला निरोप मिळतो. त्या परवानगीचा आनंद गाणं इतक्या मनापासून गातं, की ती मागावी का लागली हा प्रश्न त्याला पडतच नाही. जुनेपण मला इथे जाणवतं.

वेड्या नवऱ्याच्या गाण्यातही तसंच. तो लाडवांना चेंडू समजतो, करंज्यांना होड्या. मुली हसत असतात, आणि त्याच चालीत तो झोपलेल्या बायकोला मेली समजून जाळून टाकतो. बाई बोल लावते तो नशिबाला. हे लग्न ठरवणारे आई-बाप गाण्यात कुठेच नाहीत. हल्ली काही जण हे कडवं गाळतात. मला ते पटत नाही. ते म्हणावं, तिथे फेर थांबवावा, आणि ही का जळली असं मुलींना विचारावं.