कर्णाचे मोल कोणत्या मापाने? : पातळीनिष्ठ व गुणांकनिष्ठ पात्रघडणीची चिकित्सा

प्रस्तावना

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या 'रोल-प्लेइंग' खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र घडवितो आणि सूत्रधाराने मांडलेल्या प्रसंगांत त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो. पात्रघडणीच्या दोन पद्धती यांत प्रमुख आहेत. पातळीनिष्ठ पद्धतीत खेळाडू योद्धा, जादूगार असा एखादा वर्ग निवडतो व अनुभव साठेल तसे त्याचे पात्र ठरावीक पायऱ्या चढते. गुणांकनिष्ठ पद्धतीत सर्वांना आरंभी सारखेच गुणांक मिळतात व त्यांतून बळ, बुद्धी, कौशल्ये विकत घ्यावयाची असतात. वरवर पाहता दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीने मराठी वाचकांच्या निकट आणलेला कर्ण दोन्ही मापांनी मोजून या समजाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या पातळीनिष्ठ खेळाच्या मूळ नियमांत मनुष्यपात्राच्या प्रगतीला सीमा नव्हती. 'ड्वार्फ' जमातीचा योद्धा मात्र सहाव्या पातळीपुढे जाऊ शकत नसे. पराक्रम कितीही असो, जन्म आड येई. शस्त्रस्पर्धेच्या वेळी कृपाचार्यांनी कर्णाला कुल विचारले, तो अडसर याच जातीचा होय. तथापि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा रद्द केली. पायऱ्या राहिल्या, जन्माचे बंधन गेले. म्हणजे हा दोष पद्धतीचा अंगभूत नव्हता.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' (१९८६) या गुणांकनिष्ठ खेळात असे बंधन नाही. मात्र आरंभी एखादी उणीव पत्करल्यास गुणांक परत मिळतात. एक डोळा नसल्यास १५. तोच डोळा खेळाच्या ओघात गमावल्यास भरपाई नाही. उणीव निवडली तर ती भांडवल ठरते, लादली गेली तर निव्वळ तोटा. कर्णाने सूतपुत्रत्व निवडले नव्हते आणि परशुरामांचा शापही त्याने मागून घेतला नव्हता. त्याच्या वेदनेला येथे एक तर सवलतीचे रूप येते, नाही तर तिची नोंदच होत नाही.

कवचकुंडलांचे दान तर दोन्ही मापांना पेलत नाही. पहिल्या पद्धतीत त्याने पातळी वाढत नाही. दुसरीत केवळ शिल्लक घटते. 'मृत्युंजय'मध्ये अनेक पात्रांच्या निवेदनांतून कर्ण उभा राहतो, हे येथे लक्षणीय आहे.

समारोप

समान भांडवल म्हणजे समान न्याय नव्हे, कारण दरपत्रक आधीच कोणीतरी ठरविलेले असते. जन्माधिष्ठित मर्यादा वगळलेली पातळीनिष्ठ पद्धत निदान माणसाच्या उणिवेची किंमत लावीत नाही. म्हणून ती अधिक स्वीकारार्ह ठरते. विषम परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्यांना एकाच गुणपत्रिकेने मोजणाऱ्या अध्यापकांसही हा भेद विचारात घ्यावा लागेल.