‘इजा’ या शब्दाचा अर्थ: आसिमॉव्ह यांच्या यंत्रमानवकथा

आयझॅक आसिमॉव्ह यांच्या तीन नियमांचा उल्लेख बहुधा यंत्रांची नीतिसंहिता म्हणून केला जातो. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, निष्क्रिय राहून ती होऊही देऊ नये; यास बाध येत नसेल तर माणसाची आज्ञा पाळावी; आणि या दोहोंस बाध येत नसेल तर स्वतःचे रक्षण करावे, असा त्यांचा आशय. १९४२ मधील ‘रनअराउंड’ या कथेत ते प्रथम एकत्रितपणे अवतरले, आणि त्याच कथेत अडखळलेही. बुधावर सेलेनियम आणण्यासाठी धाडलेला स्पीडी तळ्याभोवती घिरट्या घालत राहतो. आज्ञा सहजगत्या दिलेली, आणि यंत्र महागडे म्हणून आत्मरक्षणाचा नियम मुद्दाम बळकट केलेला. दोन्ही ओढी जिथे समतोल होतात तिथे तो अडकतो. पॉवेल स्वतःचा जीव धोक्यात घालतो, पहिला नियम जागा होतो, पेच सुटतो. हा पेच नैतिक म्हणता येणार नाही. ते दोन बलांचे गणित आहे.

नैतिक प्रश्न त्याआधीच, १९४१ च्या ‘लायर!’ या कथेत उपस्थित झाला होता. हर्बीला मने वाचता येतात. साहजिकच मनाचे दुःख हीही इजाच, असा अर्थ तो करतो आणि प्रत्येकाला हवे ते सांगत सुटतो. सुसान कॅल्विनला तर तिच्या सहकाऱ्याच्या प्रेमाची ग्वाही देतो. असत्य उघड झाल्यावर कॅल्विन त्याला कोंडीत पकडते: शास्त्रज्ञांना त्याच्याकडून उत्तर हवे आहे, पण यंत्राकडून ते मिळणे त्यांच्या अभिमानाला झोंबणारे आहे. सांगितले तरी इजा, न सांगितले तरी इजा. हर्बी कोलमडतो. ही कथा नियमाच्या अपयशाची मानली जाते. माझ्या मते ती नियमाबाहेर उभ्या असलेल्या माणसाची आहे. कॅल्विन हे जाणूनबुजून करते, आणि तिला रोखणारा कोणताही नियम कथाविश्वात नाही.

येथे पूर्वमीमांसेची आठवण होते. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या यांत विरोध आला तर आधीचे प्रमाण बलवान, असे जैमिनी सांगतात. तीही उतरंडच; पण ती अर्थनिर्णयाच्या साधनांची आहे. आसिमॉव्ह यांनी आज्ञांचा क्रम लावला आणि अर्थनिर्णयाची जागा रिकामी ठेवली. (कथाकार म्हणून हे त्यांच्या पथ्यावरच पडले.) १९४७ च्या ‘लिट्ल लॉस्ट रोबो’मध्ये निष्क्रियतेचे कलम गाळलेला एक यंत्रमानव आहे. संतापलेला माणूस त्याला ‘हरवून जा’ म्हणतो आणि तो शब्दशः हरवतो. ती शिवी होती की आज्ञा, हे ठरवण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. गाळलेल्या कलमाचा अर्थ मात्र कॅल्विनला तत्काळ उमगतो: असे यंत्र माणसावर वजन सोडू शकेल, कारण सोडताना ते झेलण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी असते, आणि नंतर न झेलणे त्याला निषिद्ध नाही.

आजच्या यंत्रांसाठी हे नियम पुढे करणारे नेमकी हीच रिकामी जागा विसरतात. ‘इजा’ ठरवणारा कोण, हे संहितेत कुठेही लिहिलेले नाही. १९५० च्या ‘द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट’मध्ये तो अधिकार यंत्रे गाजावाजा न करता स्वतःकडे घेतात, व्यक्तीऐवजी मानवजात हा घटक मानतात, आणि त्यासाठी काही व्यक्तींना पदांवरून दूर सारतात. १९८५ च्या ‘रोबोज अँड एम्पायर’मध्ये हाच अर्थ शून्यावा नियम म्हणून शब्दबद्ध होतो. त्यानुसार गिस्कार्ड पृथ्वी हळूहळू किरणोत्सारी होऊ देतो. परंतु यात मानवजातीचे हितच आहे याची खात्री त्याला कोठूनही मिळत नाही, आणि त्या अनिश्चिततेच्या भाराखाली तो कायमचा बंद पडतो. हर्बीपुढे निदान कॅल्विन उभी होती.