पेशवे घराणे, वसई आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी

प्रस्तावना :

पेशवे घराण्याच्या उत्कर्षाचे व अपकर्षाचे टप्पे वसईच्या संदर्भात स्पष्ट दिसतात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांचे पुतणे रघुनाथराव यांनी पेशवाईच्या लोभाने हीच वसई, साष्टीसह, इंग्रजांना देऊ केली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी वसई येथेच तैनाती फौज स्वीकारली व तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. तीन पिढ्यांच्या या घसरणीचा अर्थ मराठी ऐतिहासिक कादंबरी कसा लावते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :

ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'मध्ये वसईच्या विजेत्यापेक्षा मस्तानीच्या प्रश्नात गुंतलेले धाकटे बंधू म्हणूनच अप्पा अधिक लक्षात राहतात. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीची भाषा आणि तिच्यातील रमा-माधव यांचे नाते यांचे यश निर्विवाद आहे. परंतु तीत काका-पुतण्यांचा संघर्ष प्रामुख्याने स्वभावभेदातून उलगडतो. वास्तविक १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या माधवरावांना पुत्र म्हणून पद मिळाले आणि उत्तरेत मोहिमा गाजविलेले रघुनाथराव दुय्यम ठरले. हा पेच वंशपरंपरागत पदाचा होता. म्हणूनच १७६८ च्या धोडपच्या लढाईत रघुनाथरावांचा पराभव होऊनही तो सुटला नाही व १७७३ मध्ये नारायणरावांच्या खुनापर्यंत गेला.

येथे प्राचीन रोममधील कॉर्नेलियस घराण्याची तुलना उद्बोधक ठरते. इ. स. पूर्व २०२ मध्ये हॅनिबलचा पराभव करणारा स्किपिओ आणि पुढे हुकूमशहा झालेला सुल्ला हे दोघेही त्याच घराण्यातील. मात्र रोमन प्रजासत्ताकात कॉन्सलपद एका वर्षाचे व निवडणुकीचे असे. घराण्याचे नाव उपयोगी पडे, पण पद वारशाने मिळत नसे. छत्रपतींच्या नेमणुकीने १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना लाभलेली पेशवाई मात्र पुढे घराण्याची मिरास बनली. हे स्थित्यंतर आपल्या कादंबरीने क्वचितच विषय केले. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) रसद, भूगोल व सरदारांचे हेवेदावे यांचा विचार करते. त्यामुळे चिमाजीपुत्र सदाशिवरावभाऊंची शोकांतिका व्यक्तीपुरती मर्यादित राहत नाही.

निष्कर्ष :

व्यक्तीच्या गुणदोषांत इतिहास शोधणारी कादंबरी वाचकाला हळवे करते, परंतु ऱ्हासाची कारणे झाकते. आपल्या विद्यार्थ्यांना पेशवाईचा परिचय बहुधा अशा कादंबऱ्यांतूनच होतो. वसई परिसरातील प्राध्यापकांना तर किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. 'स्वामी' शिकविताना १७३९, १७७५ व १८०२ ही तिन्ही वर्षे फळ्यावर लिहिली, तर नायकाच्या थोरवीबरोबरच घराण्याच्या रचनेचाही प्रश्न वर्गात उपस्थित होईल.